ब्रेक कधी मागवायचा, हे कोणाच्या मालकीचे?

प्रस्तावना

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझहून मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान उडाल्याबरोबर माघारी वळले. त्याचे दोन नंबरचे इंजिन निकामी झाले होते आणि मागच्या बाजूला आग लागली होती. धावपट्टीपर्यंत ते पोचू शकले नाही. आतली सगळी पंच्याण्णव माणसे गेली. चौकशीत जे निघाले ते एका वाक्यात सांगता येते: कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याच्या चकतीला धातूच्या थकव्यामुळे तडा गेला होता, ती फुटली, आणि तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी कापली.

थकव्याचा तडा एका रात्रीत जात नाही. इंजिन चालू होते, पूर्ण जोर लावते, थंड होते. अशा प्रत्येक फेऱ्यात तो केसभर पुढे सरकतो. म्हणूनच चकतीसारख्या भागांना आयुष्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. इतके फेरे झाले की भाग काढायचा, तो कितीही चांगला दिसत असला तरी. देखभालीच्या वेळापत्रकामागे एवढाच एक प्रश्न आहे: हा भाग कधी जाईल, हे आधी कसे कळेल? त्याला जोडून दुसरा येतो: कळले, तर त्या दिवशी नवा भाग हाताशी असेल का? हे पुस्तक या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर मालकी सांगणाऱ्यांबद्दल, म्हणजे पेटंटच्या वादांबद्दल आहे. कायद्याकडे वळण्याआधी मला हँगरमध्ये थोडे थांबायचे आहे, कारण हे ज्ञान जन्मते तिथेच.

विमानाच्या चाकाशी ब्रेकच्या संचावर एक बारीक धातूची पिन असते. पार्किंग ब्रेक लावून ती बघायची. ब्रेकचे थर जसजसे झिजतात तसतशी ती आत जाते, आणि पृष्ठभागाशी सपाट झाली की ब्रेक संपला. टेक्निशियन टॉर्च घेऊन खाली वाकतो, पिन मोजतो, आकडा लिहितो. समजा पिन आठ मिलिमीटर उरली आहे आणि या ताफ्यात साधारण चाळीस लँडिंगना एक मिलिमीटर जातो. म्हणजे तीनशे वीस लँडिंग शिल्लक. विमान दिवसाला आठ वेळा उतरत असेल, तर चाळीस दिवस. परदेशातून ब्रेक यायला तीन आठवडे लागत असतील, तर मागणी कधी टाकायची हे सांगायला यंत्र लागत नाही. उभ्या-उभ्या स्टोअरला सांगितले जाते, ‘पुढच्या महिन्यात डाव्या बाजूचा ब्रेक लागेल, बघून ठेव.’

आता हीच गोष्ट पेटंटच्या दाव्याच्या भाषेत वाचा. एका घटकाच्या झिजेचे मापन संवेदकाकडून प्राप्त करणे. त्याची साठवलेल्या नोंदींशी तुलना करणे. घटकाचे उर्वरित आयुष्य काढणे. ते पुरवठ्यास लागणाऱ्या कालावधीहून कमी होणार असल्यास साठा तपासणे. आणि साठा नसल्यास मागणी आपोआप नोंदवणे. जगातल्या पेटंट कार्यालयांत या घडणीचे अर्ज येत आले आहेत. विमानांसाठी येतात, पवनचक्क्यांसाठी, लिफ्टसाठी, झेरॉक्सच्या यंत्रांसाठीही. वाचणाऱ्या टेक्निशियनला वाटते, हे तर आपणच रोज करतो. वकिलाला वाटते, यात पाच पायऱ्या आहेत आणि पाचही एकत्र कुणी आधी छापलेल्या दिसत नाहीत. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात, आणि वाद नेमका तिथे पेटतो.

हे ज्ञान कुठून आले, ते थोडे बघू. किती माल एका वेळी करावा किंवा मागवावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरने १९१३ मध्ये छापले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ विमानांच्या बिघाडांचा हिशेब घेत होते. त्यांना दिसले की दर पन्नास तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात आणि मग हळूहळू उतरतात. म्हणजे तपासणीच काही भाग बिघडवत होती. हा हिशेब पुस्तकरूपाने यायला १९७३ उजाडले. सुट्या भागांची मागणी रोजची नसते. महिनोन्महिने काही नाही आणि एकदम दोन लागतात. अशा तुटक मागणीचा अंदाज बांधण्याची रीत क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही स्टोअरच्या संगणकप्रणालींत तिचे वंशज चालतात.

सर्वांत मोठा धक्का १९७८ चा. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. ठरावीक वय झाले की भाग जातो, या समजुतीला त्यांनी आकड्यांनी हात घातला. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्क्यांत वयाबरोबर बिघाड वाढण्याचा नमुना दिसला. उरलेल्या ८९ टक्क्यांना नुसते वय बघून बदलण्यात अर्थ नव्हता. डीसी-८ विमानाच्या सांगाड्याच्या मोठ्या तपासणीचे अंतर वीस हजार तासांपर्यंत नेताना जुन्या पद्धतीने ४० लाखांहून अधिक मनुष्यतास गेले होते. बोईंग ७४७ साठी नव्या विचाराने ६६ हजार पुरले. हा नवा विचार १९६८ मध्ये विमान कंपन्या, उत्पादक आणि सरकारी नियामक यांनी एकत्र बसून ७४७ साठीच बांधला होता. एअर इंडियाने १९७१ मध्ये आपले पहिले ७४७ आणले, तेव्हा विमानाबरोबर हे वेळापत्रकही आले.

मी ही नावे आणि साले मुद्दाम दिली आहेत. हॅरिसचे सूत्र, क्रॉस्टनची रीत, नोलन-हीपचा अहवाल, सगळे छापून, सगळ्यांसमोर ठेवून दिलेले. देखभालीचे शास्त्र उघड्यावर वाढले. एका कंपनीच्या बिघाडाची माहिती दुसरीने वाचली म्हणून पुढचे विमान पडले नाही, असे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा झाले आहे. या शास्त्राच्या शेवटच्या पायरीवर, ‘म्हणून भाग आधी मागवा’ या साध्या कृतीवर, कुणी वीस वर्षांची मालकी मागितली, तर मला ते पटत नाही, आणि पुस्तक वाचताना वाचकाने माझा हा कल लक्षात ठेवावा.

दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. इंजिनाच्या तेलात फिरणाऱ्या धातूच्या कणांवरून कोणते बेअरिंग झिजते आहे हे उडत्या विमानात ओळखणारा संवेदक बनवायला वर्षे जातात, पैसा जातो. पूर्वी टेक्निशियन तेलातला चुंबकी प्लग काढून स्वच्छ कापडावर पुसायचा. राखाडी मऊ लव दिसली तर ठीक; चमकते तुकडे दिसले तर इंजिनाची खैर नाही. त्या नजरेचे काम करणारे उपकरण ज्याने घडवले, त्याला पेटंट मिळाले तर माझी तक्रार नाही. वाद त्या उपकरणाच्या पुढच्या टप्प्याचा आहे. तुकडे दिसले, आता काय करायचे, कधी करायचे, कुठून काय मागवायचे. हा विचार कुणाचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे या प्रश्नाचा जवळचा नातेवाईक १९७८ मध्येच आला. फ्लूक या अर्जदाराने रासायनिक कारखान्यातल्या धोक्याच्या इशाऱ्याची मर्यादा सतत नव्याने ठरवण्याची रीत मांडली होती: तापमान, दाब मोजा, सूत्र लावा, इशाऱ्याची पातळी बदला. न्यायालयाने नाही म्हटले. सूत्र सोडले तर त्यात नवे काही नव्हते. तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, डीअर खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी होकार दिला. तिथे सूत्र साच्यातल्या रबराशी जोडलेले होते. तापमान सतत मोजायचे, हिशेब करायचा आणि नेमक्या क्षणी साचा उघडायचा. पुढे २०१४ च्या अ‍ॅलिस निकालाने व्यवहाराच्या जुन्या रीती संगणकावर चढवून पेटंट मागण्याची वाट बरीच अरुंद केली. २०१६ मध्ये इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप विरुद्ध अ‍ॅल्स्टॉम या खटल्यात वीजजाळ्याची माहिती ठिकठिकाणाहून गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि निष्कर्ष पडद्यावर दाखवणे एवढ्यावर पेटंट टिकणार नाही, असे तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने ठरवले. भाकिताधारित देखभालीचे बरेच दावे याच साच्यातले असल्यामुळे हा निकाल आमच्या विषयाला फार जवळचा आहे. युरोपात २००२ पासून वेगळी चाळणी आहे: दाव्यातला जो भाग तांत्रिक नाही, तो नवकल्पनेच्या मोजमापात धरायचाच नाही. मागणी कधी टाकायची हा व्यवहाराचा निर्णय मानला गेला, तर त्या चाळणीतून अर्जदाराचा संवेदक तेवढा वर राहतो.

रबराचा साचा आणि स्टोअरची मागणी यांत मला खरा फरक दिसतो. साचा उघडला की पदार्थ बदलतो. मागणी टाकली की एक कागद बदलतो. विमानाला अजून काहीच झालेले नसते.

भारतात ही सीमा पेटंट कायद्याच्या कलम ३ च्या ‘के’ उपकलमाने आखली आहे. गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक कार्यक्रम आणि अल्गोरिदम यांना शोध मानायचे नाही, असे ते सांगते. २००४ च्या अखेरच्या वटहुकमाने त्यात फट पाडून पाहिली होती: उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर कार्यक्रमाला पेटंट. २००५ चा कायदा करताना संसदेने ती फट ठेवली नाही. न्यायालयांनी पुढे वेगळ्या वाटेने काही जागा दिली. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ त्यात संगणक आहे म्हणून अर्ज फेटाळू नये. मात्र व्यवसायाच्या पद्धतीला ही सवलत नाही. २०२३ मध्ये ओपनटीव्ही प्रकरणात त्याच न्यायालयाने व्यवसायाच्या पद्धतीवरची बंदी पूर्ण आहे असे स्पष्ट केले, आणि कलम ३ ‘के’चा फेरविचार व्हावा अशी अपेक्षाही व्यक्त केली. त्यामुळे भारतात अर्ज करणाऱ्याची सगळी शक्ती एका गोष्टीत जाते: आपली रीत व्यवसायाची नसून यंत्राची आहे हे दाखवण्यात. ‘मागणी नोंदवणे’ हे शब्द मागे जातात, ‘इंजिनाची कार्यक्षमता राखणे’ पुढे येते. महाराष्ट्रातले अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात दाखल होतात. अपिले २०२१ पर्यंत वेगळ्या मंडळाकडे जात. ते मंडळ बरखास्त झाल्यापासून ती मुंबई उच्च न्यायालयात येतात. इथल्या विमान देखभालीवरचा मोठा वाद उद्या झाला, तर तो याच शहरात लढला जाईल.

विमानांच्या बाबतीत एक जुनी तरतूद आहे, जिच्याबद्दल हँगरमध्येही फारसे बोलले जात नाही. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचा सत्ताविसावा अनुच्छेद पेटंटबद्दल आहे. परदेशी विमान दुसऱ्या देशात उतरले की तिथला पेटंटधारक ‘याच्या अमुक यंत्रात माझा शोध आहे’ म्हणून ते अडवू शकत नाही, हे त्यात सुरुवातीला सांगितले. पण करार करणारे तिथे थांबले नाहीत. त्याच अनुच्छेदात पुढे लिहिले आहे की हे संरक्षण विमानासाठी साठवून ठेवलेल्या सुट्या भागांनाही आहे, आणि ते भाग दुरुस्तीत वापरण्याच्या व बसवण्याच्या हक्कालाही आहे. अट एवढीच की ते भाग त्या देशात विकायचे किंवा वाटायचे नाहीत आणि व्यापारासाठी बाहेर पाठवायचे नाहीत. युद्ध अजून संपलेले नसताना त्या लोकांना कळले होते की विमान उडते ठेवायचे तर परक्या विमानतळावर पेटीत बंद पडून असलेला पंपही पेटंटच्या भांडणातून सोडवावा लागेल. मला या तरतुदीबद्दल फार आदर वाटतो.

हे संरक्षण पूर्ण लागू व्हायला देश औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारातही असावा लागतो, किंवा त्याच्या कायद्यात परदेशी शोधांना पुरेसे संरक्षण असावे लागते. भारत पॅरिस करारात ७ डिसेंबर १९९८ ला आला, शिकागोनंतर बरोबर चोपन्न वर्षांनी. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ४९ तोच विचार देशी भाषेत मांडते: तात्पुरते किंवा अपघाताने भारतात आलेल्या परदेशी विमानाच्या बांधणीत, चालवण्यात किंवा त्याच्या साहित्यात पेटंट असलेल्या शोधाचा वापर झाला तर तो भंग नाही. या ढालीची मर्यादाही समजून घ्यावी. ती परदेशी विमानांसाठी आहे. सांताक्रूझच्या ताफ्यातल्या आपल्या विमानाचे वेळापत्रक कुणाच्या पेटंटच्या कक्षेत आले, तर शिकागो करार मदतीला येणार नाही.

अशा पेटंटांचा त्रास कसा होतो, याचे एक उदाहरण विमानाबाहेरचे घेतो. वाहन कुठवर आले हे वाट पाहणाऱ्याला कळवण्यावर अ‍ॅरायव्हलस्टार नावाच्या कंपनीने अमेरिकेत पेटंटे धरली होती. स्वतः बस न चालवता तिने शहरांच्या सार्वजनिक बससेवांना नोटिसा आणि खटले दिले. खटल्याच्या खर्चापेक्षा तडजोड स्वस्त, म्हणून अनेकांनी पैसे भरले. अखेर सार्वजनिक वाहतूक संस्थांच्या संघटनेने २०१३ मध्ये उलट दावा लावला, तेव्हा तिच्या सदस्यांचा पिच्छा सुटला. बेस्टची बस कुठे आहे हे फोनवर बघणाऱ्या सांताक्रूझच्या प्रवाशाने हे वाचून विचार करावा. पेटंट चुकीचे दिले गेले तर ते रद्द होऊ शकते हे खरे. तोवर खर्च कोण सोसतो, हा त्याच्याइतकाच खरा प्रश्न आहे.

पेटंटापेक्षा मला दुसऱ्या एका बदलाची अधिक काळजी आहे, आणि पुस्तकातली दोन मोठी प्रकरणे त्यावर आहेत. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासावर आकारायला सुरुवात केली. रोल्स-रॉईसने पुढे ती रीत जगभर नेली. गिऱ्हाईक तासाचे पैसे देणार, इंजिन सांभाळणार उत्पादक. गिऱ्हाइकाला यात खरा फायदा असतो, ते मान्य केले पाहिजे. पण याबरोबर झिजेचा अंदाज हँगरमधून उत्पादकाच्या कार्यालयात सरकला. आज विमान उतरण्याआधी त्याची हजारो मापे उत्पादकाच्या संगणकाकडे गेलेली असतात. एअरबसने २०१७ मध्ये आणलेल्या स्कायवाइजसारख्या व्यवस्थांत अनेक कंपन्यांची माहिती एका ठिकाणी जमते. पेटंट निदान छापावे लागते आणि वीस वर्षांनी संपते. बंद ठेवलेल्या माहितीला मुदत नसते.

आणि ही माहिती जागेप्रमाणे बदलते. सांताक्रूझ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या वेधशाळेने २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. खारी दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, ओल्या धावपट्टीवर दाबून लावलेले ब्रेक. गंज कुठे आधी धरतो, कोणता इलेक्ट्रिकल जोड जुलैत दगा देतो, हे इथे वर्षानुवर्षे काम केलेल्याला ठाऊक असते. कालिन्याच्या बाजूला जुन्या विमानतळावरच्या हँगरमध्ये अनेक पिढ्यांनी हे शिकून घेतले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली आणि तिची जुनी देखभाल कंपनी, एआयईएसएल, सरकारकडे राहिली. विमाने एकीकडे, ती सांभाळणारे हात दुसरीकडे. त्या हातांच्या नोंदवह्यांचे काय, याचे उत्तर विक्रीच्या बातम्यांत शोधून सापडायचे नाही.

इथे कायद्याची एक कठोर बाजू पुढे येते, आणि हे पुस्तक मराठीत काढण्याचे कारणही तेच आहे. पेटंटचा परीक्षक नवेपणा तपासतो तो प्रसिद्ध झालेल्या किंवा उघडपणे वापरात असलेल्या गोष्टींशी ताडून. रात्रपाळीच्या सुपरवायझरला ठाऊक असलेली रीत, कंपनीच्या कपाटातल्या वहीतला तक्ता, चहाच्या वेळी नव्या मुलाला सांगितलेली खूण. यातले काही त्याच्या शोधयंत्रात येत नाही. आमच्याकडचे देखभालीचे ज्ञान बहुतांशी तोंडी राहिले. मराठीत, हिंदीत, कोकणीत बोलले गेले, इंग्रजीत सही केली गेली आणि निवृत्तीबरोबर घरी गेले. उद्या कुणी तेच ज्ञान दाव्याच्या भाषेत घालून अँटॉप हिलला दाखल केले, तर परीक्षकाला ते नवे दिसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कायद्याने यावर एक दार उघडे ठेवले आहे. कलम २५ खाली, पेटंट मंजूर होण्याआधी, कुणीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही, व्यवसायात हितसंबंध असावा लागत नाही. मंजुरीनंतर मात्र हितसंबंध लागतो आणि वर्षाची मुदत असते. विरोधाची कारणे कायद्यात मोजून दिलेली आहेत, त्यांपैकी काही अशी: हे आधी छापलेले होते, भारतात हे सर्वांना ठाऊक होते किंवा वापरात होते, यात कल्पकतेची पायरी नाही, हा कायद्याच्या अर्थाने शोधच नाही. विरोध करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, आणि आपली अडचण नेमकी तिथे आहे.

म्हणून पुस्तकाचा उत्तरार्ध निकालांचा नाही. त्यात निवृत्त एएमई (विमान देखभाल अभियंते), टेक्निशियन आणि स्टोअरमधल्या लोकांनी आपापल्या रीती लिहिल्या आहेत: ब्रेकची पिन कशी वाचायची, तेलाचा खप तासागणिक वाढू लागला की किती दिवस धीर धरायचा, पावसाळ्याआधी कोणते जोड उघडून बघायचे, कोणता भाग दोन ठेवायचा आणि कोणता एकच पुरतो. उत्पादकांच्या मॅन्युअलमधला मजकूर आम्ही घेतलेला नाही; तो त्यांचा आहे. जे इथल्या लोकांनी स्वतः बघून ठरवले तेवढेच घेतले. लेखनात सफाई नाही, काही ठिकाणी पुनरुक्ती आहे, आणि ती आम्ही काढली नाही, कारण दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकच रीत सांगितली असेल तर ती सर्वांना ठाऊक होती याचा तो आधार ठरतो.

आणखी कुणाला भर घालायची असेल तर नोंद कशी असावी, तेही सांगून ठेवतो. विमानाचा प्रकार, भागाचे नाव, काय मोजले, किती लँडिंग किंवा तासांनंतर मोजले, त्यावरून मागणी किती दिवस आधी टाकली, आणि ही रीत कोणत्या सालापासून चालू होती. प्रवासी, सहकारी किंवा एखाद्या विशिष्ट घटनेची ओळख पटेल असे काही नको. पाठवलेली प्रत्येक नोंद पुढच्या आवृत्तीत तारखेसह छापली जाईल, आणि आवृत्तीची एक प्रत अँटॉप हिलच्या कार्यालयालाही पाठवली जाईल.